हात मागे

शाळेतली मुलं त्यांना खोडरबर म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर', आणि सर वळले की खोडरबर. हे नाव मुळात कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, कारण ज्यांनी ठेवलं त्यांची मुलंही त्याच शाळेत येऊन, तेच नाव वापरून बाहेर पडली होती. चित्रकलेच्या तासाला सर बाकांमधून फिरत आणि वही दिसली की थांबत.

"हे काय काढलंयस?"

"सर, झाड."

"झाड असं असतं होय? दे इकडे."

मग खिशातून खोडरबर निघे, मुलाचं झाड जाई आणि तिथे सरांचं झाड उगवे. खोड डौलदार, फांद्या ऐटीत, पानांचे झुबके जिथल्या तिथे. झाड सुंदर असे, त्याबद्दल वादच नव्हता. फक्त ते आता आपलं कोण लागतं, हे वहीच्या मालकाला कळत नसे.

वर्षाअखेरीला प्रदर्शन भरे. एकदा तपासणीला आलेले साहेब हॉलभर फिरले, चष्मा पुसून पुन्हा फिरले आणि म्हणाले, "वा! सगळी मुलं अगदी एका हाताची वाटतात." सरांनी ते कौतुक धरलं आणि शिपायाकडून साहेबांसाठी आणखी एक चहा मागवला. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

बायको होती तोवर घरात या सवयीचं हसं व्हायचं. "हे वर गेले ना, की देवालाही म्हणतील, नाक जरा वाकडं आलंय, द्या इकडे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढे तीच आधी गेली. सवय राहिली, हसणारं माणूस राहिलं नाही.

मग मुलगी लेकीला घेऊन माहेरी राहायला आली. जावयाची नोकरी सारख्या बदल्यांची, नातीची शाळा सुरू व्हायची वेळ आलेली, आणि मुलीला इथल्या औषधांच्या दुकानात काम मिळालेलं. सरांची शाळा सकाळची; ते परतले की ती दुकानात जाई आणि नात आजोबांकडे असे. पाच वर्षांची पोर, दिवसभर तोंड सुरू, आणि हातात खडू. सरांना वाटलं, घराला पुन्हा जाग आली.

एका दुपारी नातीने पेन्सिलने घोडा काढला. घोड्याला पाय सहा.

"घोड्याला किती पाय असतात?" सरांनी विचारलं.

"चार."

"मग हे?"

"तो पळतोय ना, आबा."

सरांनी प्रेमाने खोडरबर काढला आणि दोन पाय पुसले. उरलेल्या चारांना गुडघे दिले, खूर दिले, शेपटी झुपकेदार केली. नात रडली नाही. मान वाकडी करून तिने घोड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तो थांबला."

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. चप्पल काढता काढता तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली आणि पिशवी हातातच राहिली.

"बाबा, हा घोडा कुणाचा?"

"तिचाच. मी आपलं जरासं नीट करून दिलं."

मुलीने पिशवी खाली ठेवली. "एक सांगते, रागावू नका. ती चित्र काढत असेल तेव्हा तुम्ही तिच्याजवळ बसायचं नाही."

"अगं, घोड्याला सहा पाय होते!"

"असू देत. सोळा असू देत."

"म्हणजे शिकवायचंच नाही? मी जन्मभर केलं काय मग?"

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "दोरीवरच्या त्या सावल्या कुणाच्या होत्या?"

सरांनी घोड्याचा कागद उलटा करून ठेवला.

मुलगी नववीत असताना शाळाशाळांची चित्रस्पर्धा होती. तिने घरामागची कपडे वाळत घालायची दोरी काढली होती, वाऱ्यावर फडफडणाऱ्या साड्या आणि शर्ट. चित्रं पाठवायच्या आधी सरांच्या कपाटात जमा झाली. त्या साड्या सरांना जरा जास्तच उडणाऱ्या वाटल्या. त्यांनी घड्या नीट केल्या, दोरीला झोल दिला आणि भिंतीवर कपड्यांच्या सावल्या टाकल्या. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. व्यासपीठावर परीक्षक म्हणाले, "या सावल्यांनी तर चित्राला जीव आणला." टाळ्या पडल्या. मुलीने ढाल हातात घेतली आणि गर्दीत वडिलांना शोधून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्याच आठवड्यात तिची रंगपेटी शेजारच्या मुलीकडे गेली. सरांनी तेव्हा मनाशी म्हटलं, मोठी झाली, अभ्यास वाढला.

घोड्याच्या त्या दिवसापासून नात आतल्या खोलीत चित्रं काढू लागली आणि सर बाहेरच्या खोलीत पेपर वाचू लागले. आतून खडू घरंगळल्याचे आवाज येत. नात चित्रातल्या माणसांशी बोलत असे, त्यांना दटावत असे, मध्येच खो खो हसे. सरांचा पेपर एकाच पानावर उघडा राही. एकदा न राहवून त्यांनी दारातून डोकावलं. नातीने पाहिलं, आणि पोर झटकन कागदावर आडवी झाली. दोन्ही हात पसरून, गालसुद्धा कागदाला टेकवून तिने चित्र झाकलं.

"अगं, नुसतं बघतो."

"नको. तू पुसशील."

सर परत खुर्चीवर येऊन बसले. मुलीचं बोलणं त्यांना लागलं होतं, पण त्याला त्यांच्याकडे उत्तरं होती, निदान आहेत असं त्यांना वाटत होतं. कागदावर टेकलेल्या त्या गालाला मात्र त्यांच्याकडे काहीही उत्तर नव्हतं. नातीने आपणहून आपलं चित्र दाखवावं, एवढं एकच आता त्यांना हवं होतं, आणि ते मागून मिळणारं नव्हतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की कलाशिक्षकांसाठी आणि ज्यांना यायचंय त्या इतर शिक्षकांसाठी सुट्टीत निवासी प्रशिक्षण आहे, नवीन पद्धती शिकवणार आहेत.

"या वयात मला काय नवीन पद्धत?" सर म्हणाले. "मीच जाऊन शिकवतो हवं तर."

"तेही करून बघा," मुख्याध्यापक म्हणाले, "पण आधी जा."

घरी मुलीने बॅग भरून दिली. रुमाल ठेवता ठेवता म्हणाली, "जाऊन या बाबा. इथे नुसतं दाराकडे बघत बसता, ते मला तरी कुठे बघवतंय?"

प्रशिक्षण होतं एका अध्यापक महाविद्यालयात. सुट्टीमुळे इमारत रिकामी, व्हरांड्यात आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला ऐकू यावा इतकी. राहायला वसतिगृह. कूस बदलली की खाट कुरकुरायची, आणि पंखा फिरायच्या आधी बराच वेळ विचार करायचा. सरांच्या खोलीत दुसरे होते ते खेळाचे शिक्षक, गळ्यात शिट्टी अडकवूनच आलेले.

"तुम्ही चित्रकलेचे?" सरांनी विचारलं.

"नाही हो, मी पीटीचा. आमच्याकडे चित्रकलेला माणूस नाही, म्हणून तो तासही माझ्याच गळ्यात. पोरं पळून दमली की चित्रं काढतात."

"आणि तुम्ही तपासता?"

"मी शिट्टी मारतो," पीटी सर म्हणाले. "वेळ संपली एवढं मला नक्की कळतं."

शिकवायला होत्या त्या मॅडम सरांच्या मुलीएवढ्या. केस आखूड, बोटं कायम कोळशाने काळी, आवाज मऊ. पहिल्याच सकाळी त्यांनी एक स्टीलचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापले खोडरबर यात टाका. जाताना परत मिळतील."

हॉलमध्ये हशा झाला. सरांच्या खिशात दोन होते. त्यांनी एक टाकला.

मॅडमचा दुसरा नियम असा, की दुसऱ्याचं चित्र बघायला खुशाल जा, हवा तितका वेळ बघा, पण हात मागे बांधून. कुणाच्या कागदावर बोट ठेवायचं नाही. दिवसभर त्यांचं एकच पालुपद सुरू, "सर, हात मागे. बाई, हात मागे." दुपारपर्यंत सगळे त्यांना 'हात-मागे मॅडम' म्हणू लागले होते आणि त्यांना ते ठाऊक होतं.

सरांना हा सगळा पोरखेळ वाटला. हॉलभर मोठी माणसं हात मागे बांधून फिरताहेत, जणू सगळ्यांना एकदमच मुख्याध्यापक केलंय! पण खरी गोष्ट अशी होती की त्यांना तो नियम झेपत नव्हता. कुणाची बादली कललेली दिसे, कुणाचं घर घसरलेलं, पीटी सरांचा फुटबॉल तर चक्क चौकोनी; आणि पाठीमागे सरांची बोटं एकमेकांत वळवळत. हात शिवशिवतात म्हणजे काय, ते त्या दिवसांत त्यांना पुरतं समजलं. संध्याकाळी खाटेवर बसून ते मनगटं चोळत.

"काय सर, दुखतायत?" पीटी सर विचारत. "मी सांगतो, हात झटका. असे. खांद्यापासून."

पुढे एके दिवशी मॅडमनी प्रत्येकाला जाड कागद आणि कोळशाची कांडी दिली आणि म्हणाल्या, "एखादा चेहरा काढा, नेहमी आठवणारा. फोटो बघायचा नाही. चांगला नाही आला तरी चालेल."

सरांच्या शेजारी बालवाडीच्या बाई बसत. चाळिशी ओलांडलेल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून बसणाऱ्या, कुणी बोललं तरच बोलणाऱ्या. त्या चित्रकलेच्या नव्हत्या. "छोट्यांना काहीतरी काढून दाखवावं लागतं, मला माठही धड येत नाही," असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पर्स कधी मांडीवरून घसरून खाली पडली तेही त्यांना कळलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली. हॉल रिकामा झाला. सर चष्मा विसरला म्हणून परत आले, आणि बाईंच्या टेबलापाशी थांबले.

कागदावर एक म्हातारी होती. रेषा अडाणी, कान भलतीकडे, पण डोळे असे की सर क्षणभर दचकले. जिवंत डोळे. आणि त्या डोळ्यांखाली तोंड वाकडं, उजवीकडे ओघळलेलं. सरांचा जीव कळवळला. इतकं जमलंय, आणि एवढ्याशा चुकीने सगळं जायचं! बाईंना उगाच वाईट वाटेल. दोन रेषांचं तर काम. हात कधी पुढे आला, खिशातला दुसरा खोडरबर कधी निघाला, ते त्यांना कळलंही नाही. हलकेच त्यांनी तो ओघळ पुसला, बोटाने कोळसा सारखा केला, ओठ सरळ बसवले. म्हातारी नीटनेटकी दिसू लागली. सर समाधानाने जेवायला गेले.

बाई परत आल्या, बसल्या, कागदाकडे बघितलं. मग त्यांनी कागद उचलून मागची बाजू पाहिली, जणू चित्र तिकडे गेलं असेल.

"कुणी हात लावला का याला?"

आवाज मोठा नव्हता, पण हॉलमधलं बोलणं थांबलं. मॅडम जवळ आल्या.

"काय झालं बाई?"

"तोंड." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "आईचं तोंड असं नव्हतं. तिला झटका आला होता, एक बाजू गेली होती. शेवटची वर्षं ती अशीच होती. त्याच तोंडाने हसायची, त्याच तोंडाने मला हाक मारायची. भरवताना मी या बाजूने भरवायची." त्यांनी आपल्याच गालाला हात लावला. "ते आपोआप आलं होतं हो. मला काढता कुठे येतं? हातातून आलं होतं."

पीटी सरांनी खोडरबर सरांकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. सरांच्या बोटांना कोळसा लागला होता. पण तो तर तिथे सगळ्यांच्याच बोटांना होता, आणि गप्प बसलं असतं तर कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. सर उठले. खिशातून खोडरबर काढला, पातेल्यापर्यंत गेले आणि तो आत टाकला. टप्प असा आवाज झाला.

"मी लावला," ते म्हणाले. "मला वाटलं, चुकलंय."

बाई कागदाकडेच बघत होत्या.

"मी देतो तसंच करून. मला येतं. बघितलंय मी, लक्षात आहे माझ्या..."

"नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही नको."

त्यांनी कागदाची सुरळी केली, उघडली, पुन्हा केली. डोळ्यांत पाणी नव्हतं. खूप दमलेलं माणूस दिसतं तशा त्या दिसत होत्या. आणि कुठे तरी बघितलंय हे, असं सरांना वाटलं. व्यासपीठावर, ढाल हातात घेतलेली, नववीतली मुलगी. तीही रडली नव्हती.

पुढचे दिवस सरांनी स्वतःची चित्रं जवळजवळ काढलीच नाहीत. बाई रोज नवा कागद घेत आणि आईचा चेहरा काढायला बसत. जमत नसे. कधी तोंड मुद्दाम वाकडं केल्यासारखं येई, कधी डोळे हरवत. सर शेजारी उभे राहत, हात मागे. पहिल्या दिवशी बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सर हललेही नाहीत. मॅडमनी एकदा खुर्ची पुढे केली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. उभं राहून काय साधणार होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण चूक त्यांची, आणि ती पुसायला खोडरबर नव्हता.

"आत्ता गाल चुकला," सरांना स्पष्ट दिसे. तोंडापर्यंत येई. ते गिळून टाकत.

शेवटी बाईच म्हणाल्या, वर न बघता, "सर, गालाचं हाड कुठून वळतं हो? मला कळतच नाहीये."

सरांचा उजवा हात सुटला, पुढे आला, कागदापर्यंत पोचला. मॅडम लांबून बघत होत्या, पण काही म्हणाल्या नाहीत. हात हवेत थांबला आणि मग सरांनी तो स्वतःच्याच गालावर ठेवला.

"असा लावून बघा," ते म्हणाले. "स्वतःच्या. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली लागतंय बघा कडक? तिथून बोट खाली सोडा. आता ही बाजू सैल सोडा, पूर्ण सैल. काय होतं?"

बाईंनी डोळे मिटून आपल्या गालावरून बोट फिरवलं. तोंडाची एक बाजू हळूच सोडून दिली. भरल्या हॉलमध्ये भर दुपारी एक बाई वाकडं तोंड करून बसली होती आणि एक म्हातारा मास्तर समोर तसंच तोंड करून उभा होता. पीटी सरसुद्धा हसले नाहीत.

मग बाईंनी कांडी उचलली.

ते चित्र पहिल्यासारखं आलं नाही. "आई नाही आली," बाई सुरळी करताना म्हणाल्या. "पण घरातलंच कुणीतरी आलंय. मावशी म्हणा." आणि थोडं थांबून, "चांगली आहे मावशी. राहू दे." पहिला कागद त्यांनी सोबत नेला की टाकला, हे सरांनी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

निघताना पातेलं पुन्हा टेबलावर आलं. सगळ्यांनी आपापले खोडरबर उचलले. सरांनी आत पाहिलं, दोन्ही ओळखले आणि बॅग उचलून बाहेर पडले.

"अहो, तुमचे राहिले!" पीटी सर ओरडले. सवयीने त्यांनी शिट्टीही मारली.

सर घरी पोचले तेव्हा सकाळ होती आणि मुलीचा सुट्टीचा दिवस होता. चहा झाला. तिने विचारलं, "मग, काय शिकवलं नवीन?"

"उभं राहायला."

मुलीला वाटलं, नेहमीसारखा टोमणा. तिने कपबशी उचलली.

नात आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं. सर दारापाशी गेले, पण आत डोकावले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "मी येऊ का? हात मागे ठेवीन."

आतला खडू थांबला. मग, "खरंच?"

"खरंच."

"दाखव."

सरांनी पायाने दार ढकललं आणि हात मागे बांधून उंबऱ्यातच उभे राहिले. नात कागदावर आडवी झाली होतीच. तिने एक डोळा उघडून त्यांना न्याहाळलं. मग मागे जाऊन त्यांचे हात खरंच बांधलेले आहेत का ते पाहून आली, आणि जागेवर बसली. कागद मात्र तिने आपल्याकडेच तिरका धरला होता.

"आबा, तू तिथेच उभा राहा. हलू नको. मी तुला काढते."

सर उभे राहिले. गुडघे कुरकुरू लागले, चष्मा नाकावरून घसरला, पण तो सावरायला हात पुढे आणायचा नव्हता. मुलगी त्यांच्या शेजारी दारात येऊन कधी उभी राहिली ते त्यांना कळलं नाही. नात जीभ बाहेर काढून काढत होती, मध्येच त्यांच्याकडे बघत होती, अगदी कडक तपासणीच्या साहेबांसारखी. खूप वेळाने तिने कागद उचलला, जरा विचार केला, आणि वळवून त्यांच्यासमोर धरला.

भला मोठा गोल, त्यात चष्मा. खाली लांबलचक शर्ट, खाली दोन काठ्या. खांदे होते. खांद्यांना पुढे काहीच नव्हतं.

सरांच्या ओठांवर ते आलं. आयुष्यभर वर्गावर्गात म्हटलेलं वाक्य, हात राहिले, दे इकडे. पाठीमागे त्यांनी एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, आबांचे हात कुठे गेले?" मुलीने दारातून विचारलं.

"मागे आहेत ना," नात म्हणाली. एवढंही कसं कळत नाही, अशा सुरात.

मुलीने तेव्हा वडिलांकडे पाहिलं. नाकावर घसरलेला चष्मा, कपाळावर घाम, आणि शर्टाच्या मागे पांढरी पडेपर्यंत आवळलेली बोटं. ती पुढे आली, चष्मा वर सरकवून त्यांच्या नाकावर नीट बसवला.

"बसा आता बाबा," ती म्हणाली. "खुर्ची आणते."

खुर्ची तिने नातीच्या शेजारी ठेवली, आणि जाताना दार उघडंच ठेवलं.